‘तलफ आली का?’ : विथड्रॉवलला मराठीत काय म्हणायचं?

ओपीडीवाला
ब्राउन शुगर, म्हणजे गर्द (भेसळीचं हेरॉइन), सोडू बघणाऱ्यांसाठी मी मराठीत एक पत्रक केलं. त्यात लिहिलं, ‘तलफ आली की दवाखान्यात या, पहिली गोळी देऊ.’ एक मुलगा आला. ‘तलफ आली का?’ तर म्हणाला, ‘जाम.’ गर्द सोडवायला त्याच्याऐवजी देतात ती बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली दिली. पाऊण तासात उलट्या, जुलाब, पाय झाडायला लागला. मग कळलं, शेवटची पुडी चारच तासांपूर्वी ओढलेली. ही गोळी गर्दला मेंदूतल्या जागेवरून हुसकून लावते आणि स्वतः मात्र निम्मंच काम करते. म्हणून गर्द अंगात असताना दिली की माणूस एकदम कोसळतो. निदान बारा तास जायला हवे होते. मला विचारायचं होतं विथड्रॉवलबद्दल, म्हणजे नशा तुटल्यावर अंगाला होणाऱ्या त्रासाबद्दल; त्याने सांगितलं इच्छेबद्दल. नेमका शब्द हवाय.

अनुस्वार
तलफ म्हणजे इच्छाच. चहाचीही येते. तुम्हाला हवा तो शब्द ‘विरती-लक्षणे’. घडीव आहे, पण वापरला की रुळेल.

रात्रपाळी
मी मुंबईत समुपदेशक आहे. पोरं ‘टर्की’ म्हणतात. ‘टर्की लागलीय’ म्हटलं की हाडं ठणकतायत, नाक गळतंय, झोप नाही, सगळं आलं. ‘विरती’ विचारलंत तर पेशंट मान डोलावेल आणि डॉक्टरांचं पुन्हा तेच होईल.

अनुस्वार
इंग्रजीतल्या एका पक्ष्याचं नाव मराठी पत्रकात छापायचं?

रात्रपाळी
ज्याला ते लागतं त्याचा शब्द आहे तो. छापा.

वाड्यातली
आमच्या पणजोबांना अफू लागायची. आजी सांगायची, ‘अंमल उतरला की घर डोक्यावर घेत.’ अंमलदारातला अंमल आणि अमली पदार्थातला अमल एकच. ‘अंमल उतरणे’ का नको?

ओपीडीवाला
ताई, शब्द गोड आहे. पण दारूचा अंमल उतरला म्हणजे माणूस शुद्धीवर आला, बरा झाला. इथे उतरल्यावरच हाल सुरू होतात.

रात्रपाळी
डॉक्टर, खरं सांगू? शब्दावर विसंबूच नका. जांभया येतायत का, अंगावर काटा आहे का, पोटात मुरडा येतो का, हे एकेक विचारा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का ते स्वतः बघा. शेवटची पुडी किती वाजता, हे तर आधी. झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू आहे का तेही. बुप्रेनॉर्फिनबरोबर ती घेतली की श्वास मंदावतो.

ओपीडीवाला
मान्य. पत्रक त्याच पद्धतीने पुन्हा लिहितोय.

अनुस्वार
पण पुडी सोडवून गोळी लावायची, याला व्यसनमुक्ती म्हणावं का? शब्दाचा अर्थ तरी राखा.

ओपीडीवाला
हा वाद घरचे लोकही घालतात, आणि तो जिवावर बेततो. ‘मुक्त’ व्हायचं म्हणून गोळी बंद करतात. दोन-चार आठवड्यांत शरीराचा सराव (टॉलरन्स) मोडतो. मग कधीतरी जुन्याच मापाची पुडी घेतली जाते आणि श्वास थांबतो. गोळीवर टिकलेला मुलगा कामाला जातो, जेवतो, जगतो. मी त्याला मुक्तच म्हणेन.

वाड्यातली
टॉलरन्सला ‘सराव’! हा आवडला.

अनुस्वार
सराव मुद्दाम करतात. ‘अंगवळणी पडणे’ म्हणा. आणि संस्कृतात व्यसन म्हणजे संकटसुद्धा. ‘व्यसनी’ ही शिवी नंतर झाली.

रात्रपाळी
मग केसपेपरवर ‘व्यसनी’ लिहिणं थांबवू या. ‘गर्दुल्ला’ तर नकोच.

वाड्यातली
‘गर्द’ फारसी ना? धूळ, भुकटी. मग ‘गर्द झाडी’तला गर्द वेगळा का?

अनुस्वार
माझ्या मते दोन्ही एकच. धुळीने दिसेनासं झालं म्हणजे दाट झालं.

वाड्यातली
हे नाही पटत. ‘गर्दी’ कुठे बसवाल मग?