'द रूल्स ऑफ अ‍ॅट्रॅक्शन': पिक्चरने कादंबरी सुधारली की वाट लावली?

खवचट_खार:
ब्रेट ईस्टन एलिसची १९८७ची कादंबरी आणि रॉजर अ‍ॅव्हरीचा २००२चा पिक्चर, दोन्ही लागोपाठ संपवलं आणि माझं मत ठाम आहे, पिक्चर भारी. (स्पॉयलर आहेत!) कॅमडेन हे श्रीमंत पोरांचं कॉलेज, सगळे कायम नशेत, पॉलला शॉन हवा, शॉनला लॉरेन, लॉरेनला व्हिक्टर, आणि व्हिक्टरला कोणाचंच काही पडलेलं नाही. कादंबरीत जो तो स्वतःचं रडगाणं गातो, थोड्या वेळाने सगळे आवाज सारखेच वाटायला लागतात. अ‍ॅव्हरी काय करतो, तर पार्टी दाखवतो, मधेच सगळं उलटं फिरवतो आणि तीच पार्टी दुसऱ्याच्या बाजूने सुरू. आणि तो स्प्लिट स्क्रीन! शॉन आणि लॉरेन दोन वेगळ्या चौकटींतून येतात, बोलतात आणि मग दोन्ही चौकटी जुळून एक होतात. हे कागदावर जमणारच नाही.

मेथीची_जुडी:
जमलंय की, जास्त चांगलं जमलंय. कादंबरीत पॉल स्वतःचं आणि शॉनचं प्रकरण रंगवून सांगतो आणि शॉनच्या भागात त्याचा साधा उल्लेख नाही. खोटं कोण बोलतंय हे वाचणाऱ्याने ठरवायचं, अख्खी गंमत तिथेच आहे हो. पिक्चरने ते पॉलच्या डोक्यातलं स्वप्न करून टाकलं, विषय संपला. लॉरेनचं गरोदर राहणं, अ‍ॅबॉर्शन, तेही गायब, उलट तिला व्हिक्टरची वाट बघत बसलेली कुमारिका केलंय. डार्क डार्क म्हणताय, पण जे खरंच अडचणीचं होतं तेच कापलं ना?

भटका_भुंगा:
मी फक्त शॉन झालेल्या जेम्स व्हॅन डर बीकसाठी बघितला. 'डॉसन्स क्रीक' सिरीयलमधला तो गुणी बाळ इथे एलिसच्याच 'अमेरिकन सायको'मधल्या खुनी पॅट्रिक बेटमनचा धाकटा भाऊ! बाकी व्हिक्टरची युरोप ट्रिप चार-पाच मिनिटांत धाडधाड उरकलीय ती पण कमाल.

खवचट_खार:
मेथीताई, पावणेदोन तासांत सगळं कसं बसणार? आणि शॉनला निनावी प्रेमपत्रं लिहिणारी ती मुलगी विसरलात. शॉनला वाटतं पत्रं लॉरेनची आहेत. ही मुलगी पिक्चरभर मागे कुठेतरी असते आणि आपलं लक्षच जात नाही. ती जीव देते तेव्हा आधीचे सीन पुन्हा दाखवतात आणि कळतं की शॉनसारखंच आपणही तिला पाहिलं नाही. प्रेक्षकाला असं पकडणं कादंबरीला जमलेलं नाही, तिथे निदान तिचा आवाज तरी आपल्याला ऐकू येत असतो.

मेथीची_जुडी:
म्हणजे कादंबरीने तिला आवाज दिला आणि पिक्चरने तो काढून घेतला, हे तुम्हीच म्हणालात. वर हॅरी निल्सनचं 'विदाउट यू' लावून एका पोरीचं मरण देखणं करून ठेवलं. एकदा तो सीन म्यूट करून बघा, नंतर बोलू.