घरचा मंबल सर्व्हर बाहेरून कनेक्टच होईना, पोर्ट फॉरवर्ड करूनही

तिसरी_घंटा:
नमस्कार मंडळी, आमचा एकांकिकेचा ग्रुप आहे, बरेचसे नाशिकला, एक नागपूरला, एक डब्लिनला, त्यामुळे रात्रीचं वाचन व्हॉइसवरच चालतं. घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मंबल या व्हॉइस चॅट सॉफ्टवेअरचा सर्व्हर टाकलाय. जुन्या कनेक्शनवर मस्त चालायचा, आता नवीन फायबर घेतलं आणि बाहेरचं कुणीच आत येईना. घरच्या वायफायवरून १९२.१६८.१.५० टाकलं की लगेच जोडतो, पण डकडीएनएसच्या (घरच्या आयपी पत्त्याला लक्षात राहणारं नाव देणारी सेवा) नावाने गेलं की नुसतं फिरत राहतं आणि शेवटी कनेक्शन टाइम्ड आउट. राउटरमध्ये मंबलचा पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही पायकडे फॉरवर्ड केलेत, म्हणजे बाहेरून आलेलं तिकडे वळवलंय, पायच्या फायरवॉलमध्ये पण उघडलेत. प्राथमिक फेरी तोंडावर आलीये, प्लीज सांगा कुठे बघू.

वायरवाला:
आधी एक सांगा, टेस्ट कुठून करताय? घरच्याच वायफायवर बसून बाहेरचं नाव टाकलं तर बरेच राउटर ते परत आत वळवत नाहीत, म्हणजे सर्व्हर ठीक असला तरी तुम्हाला बंदच दिसणार. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा.

आणि एरर नीट वाचा. रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक वेळा रिक्वेस्ट कुठल्यातरी मशीनपर्यंत पोचली पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, तिथे सर्व्हर चालू आहे का ते बघायचं. टाइम्ड आउट म्हणजे बहुधा ती वाटेतच गडप झाली. तुमचं दुसरं आहे, त्यामुळे पायपेक्षा राउटर किंवा त्याच्याही पलीकडचं काहीतरी असणार.

तिसरी_घंटा:
मोबाइल डेटावरून पण तेच, टाइम्ड आउट. डब्लिनवाल्यालाही तेच येतंय.

विंगेतून:
नवीन फायबर म्हणालात तिथेच शंका आली. राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा, आणि ब्राउझरमध्ये माझा आयपी काय असं शोधून येतो तो बघा. दोन्ही सारखे नसतील तर तुम्ही बहुतेक सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलाय. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर खात्रीच समजा, ती रेंज २०१२ पासून याच कामासाठी राखीव आहे. तिथे १९२.१६८ वाला दिसला तर मात्र बहुतेक कंपनीच्या मोडेमच्या मागे तुमचा दुसरा राउटर आहे, मग मोडेम ब्रिज मोडला टाकायचा, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देतो आणि राउटरचं काम तुमचाच राउटर करतो.

तिसरी_घंटा:
वॅनला १००.८१ ने सुरू होणारा दिसतोय आणि ब्राउझरमध्ये वेगळाच! म्हणजे फॉरवर्डिंगचा काहीच उपयोग नाही का?

विंगेतून:
नाही ना, तुमच्या राउटरचं दार उघडं आहे पण सोसायटीचं गेट कंपनीच्या ताब्यात. डकडीएनएस पण त्या गेटचाच पत्ता सांगतंय.

आता पर्याय. एक, कस्टमर केअरला फोन करून पब्लिक आयपी मागा, बऱ्याच ठिकाणी महिन्याला थोडे जास्त पैसे घेऊन देतात, "स्टॅटिक आयपी" म्हणालात तर त्यांना पटकन कळतं. दोन, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर फुकटात काम होतं, पायला स्वतःचा पत्ता असतो, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये ६४७३८ आत यायला परवानगी द्यायची आणि डकडीएनएसमध्ये तो पत्ता टाकायचा. पण समोरच्याकडेही आयपीव्ही६ लागतं, एकाकडे नसलं की तो बाहेरच. तीन, सगळ्यांनी टेलस्केल (सगळ्यांची उपकरणं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) टाकायचं, मग पोर्टची भानगडच नाही, पण प्रत्येकाला इन्स्टॉल करायला लावणं आलं. तालमीसाठी मी तरी पहिलाच घेईन, ऐनवेळी कुणाला काही समजावत बसावं लागत नाही.

तिसरी_घंटा:
पब्लिक आयपी मिळाला आणि सगळे जोडले गेले!! खूप खूप आभार. आता एकच राहिलंय, नागपूरवाल्याचा आवाज मध्येच तुटतो, वाक्याचा शेवट गिळल्यासारखा होतो आणि मग तीन शब्द एकदम येतात. त्याच्याकडे सर्व्हर यूडीपीला उत्तर देत नाही, टीसीपी मोडवर जातोय असा मेसेज येतो. बाकीच्यांना नाही येत.

वायरवाला:
बाकीच्यांना येत नाही म्हणजे तुमच्याकडचं बरोबर आहे. मंबल आवाज यूडीपीने पाठवतो, ते जमलं नाही की टीसीपीतूनच ढकलतो. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी थांबतात, म्हणून ते तीन शब्द एकदम. नागपूरवाला ऑफिस किंवा हॉस्टेलच्या नेटवर असेल तर तिथे यूडीपी अडवत असतील. त्याला मोबाइल हॉटस्पॉटवरून जोडायला सांगा, तिथे नीट आलं तर नक्की तेच.

तिसरी_घंटा:
हो, हॉस्टेलचंच वायफाय होतं. हॉटस्पॉटवर सलग अख्खा प्रवेश वाचला, एकदाही तुटला नाही.

विंगेतून:
भारी! आता पब्लिक आयपी आहे तर सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर पासवर्ड टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर स्कॅन करणारं कुणीही तालमीत येऊन बसेल. फेरीला शुभेच्छा!