अनुभव धागा : एनसीसीतल्या मुलाची थकलेली फी

परवा कपाट आवरताना महाविद्यालयाच्या फीची एक जुनी पावती हाती आली. मी तेव्हा एनसीसीचा एएनओ, म्हणजे महाविद्यालयातील तुकडी सांभाळणारा प्राध्यापक-अधिकारी होतो. एनसीसीचे 'बी' प्रमाणपत्र मिळवलेला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा हुकूम देणारा आमचा अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांचा म्होरक्या, तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर सलग तीन परेडना आला नाही. चौकशीअंती कळले, की फी थकल्याने परीक्षेचा अर्ज अडला होता आणि तो रात्रपाळीला एका गोदामात जाऊ लागला होता. नाव कमी झाले असते तर पदवी लांबली असतीच, शिवाय त्यापुढच्या 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा हुकली असती आणि लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींना, जाण्याची एनसीसी स्पेशल एंट्रीची वाटही बंद झाली असती. मी पैसे त्याच्या हाती न देता लेखा विभागात भरले. पुढे चेन्नईच्या ओटीएत (सैन्याधिकारी प्रशिक्षण अकादमीत) मिळालेल्या विद्यावेतनातून त्याने रक्कम परत केली, तेव्हा ओळखपत्राच्या पाकिटात जपलेली, घड्यांवर विरलेली ही पावतीही सोबत दिली. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

माजी कॅडेट
सर, मीही अशाच मदतीवर शिकलो. शिष्यवृत्ती मंजूर होती, परंतु ती खात्यावर येईपर्यंत फी भरण्याची मुदत उलटून जात असे. मावशींनी दिलेली रक्कम मोठी नव्हती. ती वेळेवर आली, एवढेच.

सुलभाताई
आमचा अनुभव थोडा कडू आहे आणि चूक माझीच होती. भाच्याच्या वर्गमित्राची दोन वर्षांची फी आम्ही उभयतांनी भरली, आणि दर रविवारी फोन करून "तयारी कुठवर आली?" असे विचारण्याचा हक्क जणू त्या पावतीबरोबर विकत घेतला. एसएसबीच्या पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे प्राथमिक चाळणीत, तो बाहेर पडला आणि त्यानंतर कित्येक महिने त्याने माझा फोन उचलला नाही. पदवी त्याने उत्तम गुणांनी मिळवली होती, हे मला तिसऱ्याकडून समजले. फी शिक्षणासाठी दिली होती, खांद्यावरच्या ताऱ्यांसाठी नव्हे, हे मी आधी स्वतःला बजावायला हवे होते.

निवृत्त सुभेदार
ताई, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या खेपेस परत आलेले अनेकजण नंतर निवडले जातात. फीइतकाच पुढचा खर्चही मुलांना जड जातो, म्हणून सांगतो : नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी निवास व भोजनासह विनामूल्य करून घेतात. 'सी' प्रमाणपत्रात 'ए' किंवा 'बी' श्रेणी असलेल्या आणि एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयाने शिफारस केलेल्या कॅडेटांना तिथे अर्ज करता येतो. स्पेशल एंट्रीसारख्या एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी प्रथमच एसएसबीला जाणाऱ्यास रेल्वेभाडेही मिळते. मात्र ते नंतर हाती येत असल्याने तिकिटाचे पैसे आधी कुणीतरी द्यावे लागतात. बुटांचेही तसेच. एकदा माझे बूट एका मुलाला दिले होते. एक माप मोठे, पुढे कापूस कोंबलेला. बूट परत आले, कापूस अजून आत आहे.

माजी कॅडेट
सुभेदारसाहेब, कापूस काढू नका!

जयश्री
सर, आमच्या शेजारची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. आधीच्या दोन वर्षांत तिला 50 टक्क्यांहून अधिक गुण आहेत, परेडची 75 टक्के हजेरीही पूर्ण आहे. फक्त फी अडली आहे आणि आई-वडील कोणाकडून काही घ्यायला तयार नाहीत. त्यांना न दुखवता कसे करावे?

धागाकर्ता
जयश्रीताई, त्यांना उसने म्हणून सांगा, आणि परतफेडीची तारीख त्यांनाच ठरवू द्या. पावती मुलीच्याच नावाची घ्या. आपले नाव एएनओंनाही कळण्याचे कारण नाही.

जयश्री
आताच तिच्या वडिलांशी बोलले. त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. मुदत सोमवारपर्यंत आहे. उद्या लेखा विभाग उघडताच जाते.