माझ्या कंपायलरला पीआयसी (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालेल असा) कोड काढायला कसं शिकवू? लिंकर ऐकत नाहीये

रिकामं_रजिस्टर:
हौस म्हणून सी चा छोटा कंपायलर लिहितोय, बॅकएंड एक्स८६-६४ चा, असेंब्ली मी काढतो आणि असेंबल-लिंक जीसीसीच्या गळ्यात टाकतो. जुन्या मशीनवर मस्त चालायचं, नवीन उबुंटू टाकलं आणि लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) बोंबलायला लागला की आर_एक्स८६_६४_३२एस रिलोकेशन (पत्ता नंतर भरायची नोंद) चालणार नाही, एफपीआयसी फ्लॅग लावून परत कंपाइल करा. अहो पण कंपायलर मीच लिहिलाय, कुणाला सांगू! ग्लोबलचा पत्ता मी मूव्हक्यूने सरळ आकडा म्हणून टाकतो. सध्या नो-पाय फ्लॅग लावून ढकलतोय, पण पुढे शेअर्ड लायब्ररी पण काढायचीय. मग आता प्रत्येक व्हेरिएबल गॉटमधूनच (पत्त्यांच्या तक्त्यातून) आणायचं का? स्लो नाही होणार?

आळशी_लिंकर:
उबुंटू १६.१० पासून ६४ बिटवर पीआयई (कुठल्याही पत्त्यावर बसणारा प्रोग्राम, तुझा नो-पाय हेच बंद करतो) डीफॉल्ट आहे, म्हणून आत्ता दिसलं. प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर बसेल ते आधी माहीतच नसतं आणि तू ३२ बिटात पक्का पत्ता कोंबतोयस.

सगळं गॉटमधून नको रे. हे सिंबॉल (व्हेरिएबल किंवा फंक्शनचं नाव) याच तयार होणाऱ्या फाइलमध्ये सुटणार याची खात्री आहे का, एवढंच बघ. स्टॅटिक, हिडन (बाहेर न दिसणारं), स्ट्रिंग लिटरल असेल तर एलईए (पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन) आणि आरआयपी-रिलेटिव्ह (कोडमधल्या चालू जागेपासूनचं अंतर), विषय संपला. बाहेरचं असेल तर गॉटपीसीरेलने, म्हणजे गॉटमधून, आधी पत्ता उचल, मग व्हॅल्यू. गंमत म्हणजे शेअर्ड लायब्ररीत तुझं स्वतःचं साधं ग्लोबल पण गॉटमधूनच आणायचं, कारण एलडी_प्रीलोडने (आपली लायब्ररी आधी लोड करायची सोय) कुणीही त्याच नावाचं दुसरं घुसवू शकतं. पीआयईत हे होत नाही, तिथे स्वतःचं ते सरळ. बाहेरच्या फंक्शनचा कॉल पीएलटीतून (गॉट बघून उडी मारणारे छोटे तुकडे). हा निर्णय एकाच फंक्शनमध्ये ठेव, पन्नास ठिकाणी इफ टाकलेस तर रडशील.

आणि अ‍ॅरेचं नाव अधिक इंडेक्स असं एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये आता जमणार नाही, आरआयपीबरोबर इंडेक्स रजिस्टर लावताच येत नाही. आधी बेस एलईएने रजिस्टरात घे. स्लोचं म्हणशील तर सिंबॉल आतलंच निघालं की लिंकर बऱ्याचदा तो गॉटचा मूव्ह बदलून एलईए करतो.

जुनं_खोड:
तुम्ही पोरं नशीबवान. ३२ बिटात आरआयपीसारखं काही नव्हतंच, स्वतःचा पत्ता कळायला छोट्या फंक्शनला कॉल करून स्टॅकवरचा रिटर्न अ‍ॅड्रेस वाचायचा, आणि पीएलटीतून कॉल करताना ईबीएक्स रजिस्टरमध्ये गॉटचा पत्ता हवाच. रजिस्टरं मुळात आठ, त्यात ईएसपी स्टॅकसाठी धरून ठेवलेलं, वर हे गेलं. जीसीसीने पण ५ व्या आवृत्तीत, २०१५ ला, ईबीएक्स मोकळं केलं. मी एकदा टेल कॉल ऑप्टिमाइझ करायला (फंक्शनच्या शेवटच्या कॉलऐवजी थेट जंप) गेलो, जंप मारायच्या आधी ईबीएक्स जुन्या व्हॅल्यूवर परत आणलं जायचं आणि पीएलटी भलत्याच गॉटमध्ये डोकवायची. आठवडा गेला माझा त्यात, आणि क्रॅश पण रोज व्हायचा नाही, कधीतरीच.

रिकामं_रजिस्टर:
@आळशी_लिंकर भावा जमलं, एका संध्याकाळीच! फक्त स्विचच्या जंप टेबलला लिंकर अजून कुरकुरतोय, रीड-ओन्ली सेक्शनमध्ये रिलोकेशन आहे आणि टेक्स्टरेल (रीड-ओन्ली भागात लोडरला पत्ते लिहायला लावणारी खूण) बनवतोय म्हणे. टेबलात लेबलांचे ८ बाइटचे पत्ते आहेत.

आळशी_लिंकर:
पत्ते ठेवूच नको, लेबल वजा टेबल असा ४ बाइटचा फरक ठेव. टेबलचा पत्ता एलईएने घे, फरक साइन-एक्स्टेंड करून वाच, बेरीज कर, जंप. दोन्ही एकाच सेक्शनमध्ये असतील तर फरक असेंबलरलाच कळतो त्यामुळे रिलोकेशनच उरत नाही, टेबल पण निम्मं होतं. (लेबलं आणि टेबल वेगळ्या सेक्शनमध्ये असली तरी पीसी-रिलेटिव्ह असल्याने लिंकर स्वतःच भरून टाकतो, लोडरपर्यंत जात नाही.)

पण कॉन्स्ट पॉइंटरांचा अ‍ॅरे, म्हणजे एररच्या नावांची यादी वगैरे, तिथे ही युक्ती नाही, सी ला खरा पॉइंटरच लागतो. तो रोडेटातून (रीड-ओन्ली डेटा) काढून डेटा-रेल-आरओ सेक्शनमध्ये टाक, लोडर पत्ते भरतो आणि मग ते पान रीड-ओन्ली करतो.

रिकामं_रजिस्टर:
अगदी तसलीच यादी होती, टोकनांच्या नावांची. हलवली. रीडएल्फमध्ये (फाइल तपासायचं टूल) टेक्स्टरेल गायब, नो-पाय फ्लॅग मेकफाइलमधून उडवला. @जुनं_खोड काका, ३२ बिट बॅकएंडचा विचार होता तो तुमची पोस्ट वाचून सोडला 😅