ओव्हरीच्या ट्यूमरवर ईआर, पीआर (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), इनहिबिन : अँटिबॉडी कोणती घेऊ?

स्लाइडवाली : एमडी पॅथॉलॉजी, दुसरं वर्ष. थीसिससाठी ४० ब्लॉक (मेणात बसवलेले ट्यूमरचे तुकडे) : प्रकार बहुतेक सीरस, काही म्युसिनस, ग्रॅन्युलोसा सेल ३. ही प्रथिनं पेशीत आहेत का, ते अँटिबॉडी लावून रंगावरून बघायचं. स्टेनिंग हातानेच. बजेट २५ हजार, तेही खिशातले. कोणता क्लोन (अँटिबॉडीचा वाण) घेऊ?

काळी_कॉफी : ऑटोस्टेनर (स्टेनिंगचं मशीन) घ्या. आमच्याकडे आल्यापासून निवांत आहे.

स्लाइडवाली : सर, २५ हजार.

जुना_टेक्निशियन : ईआरला एसपी१ किंवा ईपी१. १डी५ कुणी स्वस्तात गळ्यात मारेल, घेऊ नका मॅडम, फिक्या केसेस निसटतात. रिट्रीव्हल (अँटिबॉडी चिकटावी म्हणून आधी बफरमध्ये तापवणं) ट्रिस-ईडीटीए, पीएच ९, प्रेशर कुकर. चार्ज्ड स्लाइडच वापरा, नाहीतर सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) सुटून येतात.

पेशवेपार्क : कुकरच्या शिट्ट्या किती?

मायक्रोवेव्हप्रेमी : कुकर कशाला? आम्ही कायम मायक्रोवेव्हच वापरतो.

जुना_टेक्निशियन : बफर आटतो, सेक्शन वाळतो आणि कडा तपकिरी होतात. मग लोक त्यालाच पॉझिटिव्ह म्हणतात. आणि शिट्ट्या मोजत नाहीत हो, पूर्ण प्रेशर आल्यापासून मिनिटं मोजतात.

डॉ_मावशी : अगं, इनहिबिन चाळीसच्या चाळीस ब्लॉकवर कशाला? ते सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल ट्यूमरसाठी, म्हणजे ग्रॅन्युलोसाच्या गटासाठी. ग्रॅन्युलोसा आणि शंकेच्या केसेसवरच लाव, कंट्रोलला (रंग यायलाच हवा अशी तुलनेची स्लाइड) अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्स. जोडीला कॅलरेटिनिन हा दुसरा मार्कर : पकडतं जास्त, पण नेमकेपणा कमी. ईआर-पीआर न्यूक्लियसमध्ये बघायचं, इनहिबिन सायटोप्लाझममध्ये. ओव्हरीचा स्ट्रोमा (आधाराचं ऊतक) स्वतःच ईआर घेतो, तो ट्यूमरच्या टक्केवारीत धरू नकोस. म्युसिनस बहुतेक निगेटिव्ह येतील, घाबरू नकोस.

बॉस्टनकर : २०२५ मध्ये इनहिबिन? फॉक्सएल२ जीनचं सिक्वेन्सिंग करा. प्रौढ ग्रॅन्युलोसातलं सी१३४डब्ल्यू म्युटेशन २००९ मध्येच प्रसिद्ध झालंय.

डॉ_मावशी : पैसे तुम्ही पाठवताय का?

थीसिसग्रस्त : आधी फिक्सेशन (ऊतक फॉर्मालिनमध्ये पक्कं करणं) बघा. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमधून भली मोठी गाठ न कापता फॉर्मालिनमध्ये यायची, मधला भाग कच्चाच. त्यावर कुठलाही क्लोन लावा, उपयोग शून्य.

नवखा_२२ : वर वाचलं नाही, पण एसपी१ घ्या.

स्लाइडवाली : सगळ्यांचे आभार. डिपार्टमेंटच्या फ्रिजमध्ये १डी५ निघाली, मुदत बाकी आहे. ईआरला तीच. उरलेल्या पैशात पीआर आणि इनहिबिन. गाईड म्हणतात इनहिबिन सगळ्या ४० वर लाव, तर लावते.

जुना_टेक्निशियन : बरं. मग एंडोमेट्रियमसोबत टॉन्सिलचाही कंट्रोल लावा. टॉन्सिलच्या जर्मिनल सेंटरमधल्या (लिम्फ पेशींच्या गोल पुंजक्यांमधल्या) तुरळक पेशी रंगल्या नाहीत, तर ती बॅच मोजू नका.