वाटेवर भेटलेले संत: अनुभव धागा

आज ४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिस असिसीकरांचा सण. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणाऱ्या या संताला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलं. मुंबईच्या धकाधकीत असा एखादा संत तुम्हाला कधी जवळचा वाटला का? सोबत कोण होतं? जरूर लिहा. सुरुवात मी करते.

बोरिवली
रविवारची पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की मी आणि माझी मैत्रीण नॅशनल पार्कात चालायला जातो. ती ख्रिस्ती नाही, चर्चबाहेर माझी वाट बघते. तिची आई गेली त्या पावसाळ्यात तिच्याशी काय बोलावं, मला सुचेना. कान्हेरीच्या वाटेवर ती एकदम खाली बसली. ओल्या डांबरावरून गोगलगाय निघाली होती, मागून सायकली येत होत्या. हिने गळलेलं सागाचं पान पुढे धरलं, गोगलगाय त्यावर चढेपर्यंत थांबली आणि पान अलगद पलीकडच्या झुडपात ठेवलं. फ्रान्सिसही वाटेतले किडे पायदळी जाऊ नयेत म्हणून उचलून कडेला ठेवत, असं त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस चेलानो यांनी लिहिलंय. मी तिला ते सांगितलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा आईविषयी बोलली, गेटपर्यंत बोलत राहिली.

कलिना
ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण. आजोबा स्वतःच्या शेतातल्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायचे. शेतं गेली, लोंब्या बाहेरून येऊ लागल्या. मला ते फार बोचायचं. गेल्या वर्षी शेजारच्या दोस्ताने गच्चीवर दोन टबांत भात लावला. मुनिया पक्ष्यांनी बराच खाल्ला, अकरा लोंब्या उरल्या. फादरांनी आशीर्वाद दिला तरी आजी त्या हातातून सोडेना. अजून आमच्या घरातल्या आल्तारवर, म्हणजे देवघरात, आहेत.

अंधेरी
मी मूळचा वसईचा. आमचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिसच्याच संघातले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना एकत्र क्रूसावर मारलं, त्यांत ते होते. अडचणीत मला हेच आठवतं, की त्यांतला कुणीही एकटा नव्हता.

माझगाव
आमच्या वाडीतला क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळातला. मे महिन्यात संध्याकाळी तिथे मरियेची जपमाळ म्हणतो. समोरच्या काकू कुंडीतला मोगरा ओंजळीत आणून पायथ्याशी ठेवायच्या. त्या गेल्यावर सुनेने ती कुंडी आमच्या दारात आणून ठेवली. रोज सकाळी पाणी घालते, मे महिन्याची वाट बघते.