सफारी पार्कला सकाळीच जा

सफारी पार्कमध्ये सिंह नुसते झोपलेले दिसले म्हणून मुलांचा हिरमोड झाला, अशी तक्रार काही पालक करतात. पण सिंह दिवसाचे १६ ते २० तास आरामच करतात, त्यात पार्कचा काही दोष नाही. पहिल्याच फेरीत आत शिरा. ऊन चढायच्या आत बरेच प्राणी हिंडताफिरताना दिसतात. जिराफापाशी मात्र अजिबात घाई करू नका. जवळपास ४५ सेंटिमीटर लांब, काळसर जिभेने तो काट्यांमधून पानं कशी ओरबाडतो, हे मुलं तहानभूक विसरून बघतात. काचा बंदच ठेवा, आणि कृपा करून माकडांना काही खायला देऊ नका. एकदा चटक लागली की ती गाड्यांवर झेपावतात, आणि हाल त्यांचेच होतात. दुर्बीण असेल तर मुलांच्याच हातात द्या.